नागपूरची गाडी एक नंबरवरूनच

पुणे स्टेशनच्या पॅनेल रूममध्ये मी निम्मी नोकरी काढली, त्यामुळे लग्नाकार्यात कुणी भेटलं की एक प्रश्न ठरलेला असतो: गाडी कुठल्या फलाटावर घ्यायची हे ठरवतं कोण? बहुतेकांची समजूत असते की हे सगळं कॉम्प्युटर करतो. काहींना वाटतं, प्रवासी ज्या फलाटावर उभे आहेत तो सोडून दुसरा निवडायचा, असा रेल्वेचा नियमच आहे. दोन्ही चूक. ते एक माणूस ठरवतो. त्याच्यासमोर भिंतभर लांबीचं पॅनेल असतं, त्यावर सगळ्या रुळांचा नकाशा, लाल-पिवळे दिवे आणि बटणं. शेजारी फोनांची रांग, आणि त्यातला एक तरी वाजत असतोच. माझ्या शेवटच्या काही वर्षांत त्या खुर्चीत बरेचदा आम्रपाली ओव्हाळ असायची. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला तिनं जे केलं, ते मी फलाटावर उभा राहून पाहिलंय.

आम्रपाली येरवड्याची. वडील दशरथ ओव्हाळ पीएमटीत ड्रायव्हर होते, आई वेणूबाई अंगणवाडीत मदतनीस. डेपोत रात्री बस लावताना कुणी तरी चुकीच्या जागी लावायचं आणि सकाळी पहिली निघायची ती बस मागं अडकून बसायची. दशरथराव घरी येऊन त्यावर चिडचिड करायचे. लहानगी आम्रपाली जेवणं झाल्यावर जमिनीवर काडेपेट्या मांडून कोणती बस कुठं लावायला हवी होती ते वडिलांना दाखवायची. "हिला डेपो मॅनेजर करा," असं दशरथराव म्हणायचे, पण ते थट्टेनं. पुढं तिनं संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी केलं. वर्गातल्या मैत्रिणी खराडीच्या कंपन्यांत लागल्या. हिनं रेल्वेची परीक्षा दिली आणि स्टेशन मास्तर म्हणून पहिलं पोस्टिंग मिळालं ते सातारा मार्गावरच्या आदर्कीला. डोंगरातलं स्टेशन. दिवसभरात मोजक्या गाड्या, बाकी वारा आणि माकडं.

"तिथं काय केलंस गं इतकी वर्षं?" असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"वाट बघायला शिकले, सर," ती म्हणाली. "सिग्नल दिला की गाडी दिसेपर्यंत खूप वेळ असतो तिथं. इथं तो वेळ मिळत नाही म्हणून लोक घाई करतात."

पुण्याला तिची बदली झाली तेव्हा पॅनेलवर बाई बसणार म्हणून थोडी कुजबुज झाली. मला कुणी तरी विचारलं, "झेपेल का हो त्यांना?" मी म्हणालो, "बटण कोण दाबतंय हे पॅनेलला कळत नाही. तुम्हाला कळतंय, तर तुम्ही डोळे मिटा." विषय तिथंच संपला.

पुणे स्टेशनची अडचण अशी की फलाट सहाच आणि गाड्या मावेनात इतक्या. एक गाडी मुंबईकडून येते, दुसरी दौंडकडून, तिसरी मिरजेकडून. एखाद्या गाडीला लांब फलाट लागतो, एखादीचं पाणी भरायचं असतं, एखादी इथंच रिकामी होऊन घोरपडीच्या यार्डात धुवायला जाते. एक गाडी जरा रेंगाळली की तिच्या मागच्या चार गाड्यांची मांडणी बिघडते. अशा वेळी आमची जुनी पद्धत सोपी होती: मोकळा दिसेल तो फलाट द्यायचा आणि माइकवरून सांगून टाकायचं. पुढं काय होतं ते आम्हाला पॅनेल रूममध्ये दिसत नाही. फलाटावर दिसतं. ट्रंका, पिशव्या, कडेवरची पोरं आणि गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या घेऊन शेकडो माणसं एकदम जिन्याकडं धावतात.

आम्रपालीनं आल्यापासून त्यावरच बोट ठेवलं. "ही गाडी आपण तीनवरच का घेतो?" असं ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली.

"नेहमी घेतो म्हणून."

"तीन म्हणजे जिना आला, सर. या गाडीला सोलापूरकडची आजारी माणसं असतात, ससूनला आलेली. एकवर घेता येईल. एकची गाडी त्या वेळी चारवर गेली तरी तिला सगळी कॉलेजची मुलंच आहेत."

घेऊन पाहिली. जमलं. त्यानंतर ड्यूटी संपल्यावर ती कितीदा तरी पादचारी पुलावर जाऊन उभी राहिलेली मी पाहिली आहे. कोणत्या गाडीची गर्दी कुठून येते, किती वेळात उतरते, कुठं तुंबते, ते ती बघत असायची. फलाट ऐन वेळी बदलायचा नाही, हा तिचा हट्टच होऊन बसला. तिच्या पाळीत फलाट बदलल्याची घोषणा आठवड्यात एखादीच व्हायची, आणि त्या दिवशी ती डबा न खाता घरी जायची.

आता त्या दसऱ्याकडं येतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी नागपूरला जादा गाडी सोडायची होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीला जाणारी माणसं सकाळपासूनच येऊ लागली. स्टेशनसमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून ती थेट समोरच्या एक नंबर फलाटावर येत होती. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, निळे झेंडे, भाकरीची गाठोडी, झोपी गेलेली पोरं. त्यात सणाला गावी निघालेले अकोल्या-अमरावतीकडचे बांधकामावरचे मजूर आणि वसतिगृहातले विद्यार्थी. दुपारपर्यंत फलाटाची फरशी दिसेनाशी झाली. आम्रपालीनं ही गाडी मुद्दामच एक नंबरवर लावली होती, म्हणजे कुणालाच जिना चढायला नको. पॅनेलवर ती होती. मी बाहेर, फलाटाच्या ड्यूटीवर.

त्या गर्दीत वेणूबाईही होत्या, येरवड्यातल्या बायकांबरोबर. गुडघ्यांचं दुखणं जुनं, पण दर वर्षी नागपूरला जाणं त्यांनी चुकवलेलं नव्हतं. मी आम्रपालीला वॉकीटॉकीवरून म्हणालो, "आई दिसल्या तुझ्या. खांबाला टेकून बसल्यात."

"बसू देत. बाकीच्यांकडं लक्ष द्या, सर."

गाडी लागायला थोडाच अवकाश होता, तेवढ्यात परतीच्या पावसाचा वारा सुटला. पाऊस नावालाच, पण वारा असा की स्टॉलवरचे कागदी कप रुळांवर उडाले. मुंबईच्या बाजूला, फलाट संपल्यावर जे जुनं शिरीषाचं झाड आहे, त्याची मोठी फांदी कडाडून तुटली आणि ओव्हरहेड वायरवर पडली. एक आणि दोन नंबरच्या रुळांवरची वीज गेली. सुदैवानं त्या वेळी तिथं कुणी नव्हतं.

वायरवाल्यांचा सुपरवायझर अभय माणसं घेऊन धावला. फांदी पाहून त्यानं कळवलं, "कापायला आणि वायर ताणून घ्यायला दोन तास तरी लागतील."

वीज नाही म्हणजे विजेचं इंजिन एक नंबरवर येऊ शकत नाही. कंट्रोल ऑफिसात त्या वेळी विक्रम होता. सगळ्या मार्गावरच्या गाड्या त्याच्या हातात. त्यानं आम्रपालीला फोन केला आणि सरळ सांगितलं, "नागपूर स्पेशल पाचवर घ्या. अनाउन्समेंट करा. मागं गाड्या तुंबायला लागल्यात माझ्या."

तिची वॉकीटॉकी चालूच होती, त्यामुळे हे बोलणं मला तुटक ऐकू येत होतं; बाकीचं तिनं नंतर सांगितलं. मी आजूबाजूला पाहिलं. एवढा लोंढा उठून पुलाकडं निघाला असता, आणि त्याच वेळी मुंबईकडून आलेली खच्चून भरलेली गाडी तीन नंबरवर शिरत होती. तिची माणसं त्याच पुलावरून या बाजूला येणार. दोन लोंढे जिन्यावर समोरासमोर.

आम्रपाली म्हणाली, "विक्रम, पाचवर घेत नाही मी."

"मग काय डोक्यावर घेता?"

"एकवरच घेते. झाड मुंबईच्या बाजूला पडलंय. आपली रिकामी गाडी घोरपडीहून, म्हणजे दुसऱ्या बाजूनं येणार आणि त्याच बाजूनं नागपूरला जाणार. रूळ पूर्ण मोकळा आहे. वीज नाही एवढंच. मला डिझेल इंजिन द्या."

"डिझेल म्हणजे काय वाण्याकडं मिळतं का, मॅडम? पुडीत बांधून देऊ?"

"घोरपडीच्या शेडमध्ये बघा. गाडी मागून ढकलत एकवर आणायची आणि तेच इंजिन पुढं दौंडपर्यंत न्यायचं. दौंडला विजेचं लावा."

विक्रम वाईट माणूस नव्हे. त्याच्या पडद्यावर लोणावळ्यापासून दौंडपर्यंत गाड्या उभ्या राहू लागल्या होत्या आणि प्रत्येकाचा फोन त्यालाच येत होता. "बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन पॅनेलवर आला. स्पेशल गाडी अजून फलाटावर का लागली नाही, ती लगेच पाचवर घ्या, असं त्यांचं म्हणणं. आम्रपालीचा आवाज चढला नाही. "सर, मला अर्धा तास द्या. तोवर डिझेल आलं नाही तर पाचवर घेईन. पण आधी तीन नंबरची गर्दी पूर्ण बाहेर काढीन, पूल एका बाजूनं बंद करीन आणि जिन्यावर पोलीस उभे करीन. आत्ता लगेच घोषणा केली तर जिन्यावर माणसं पडतील, सर. मी ती घोषणा करणार नाही."

मग साहेब म्हणाले, "अर्धा तास. जबाबदारी तुमची."

"हो, सर. माझीच."

मग तिनं मला हाक मारली. "सबनीस सर, रेल्वे पोलिसांना जिन्यावर पाठवा, म्हणजे डिझेल नाही आलं तरी आपली तयारी असेल. आणि अभयला विचारा, फलाटावरची वायर शाबूत आहे का. लोकांच्या डोक्यावर काही लोंबत असेल तर मी गाडीच आणणार नाही."

अभय फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान वर करून चालत गेला. परत येऊन म्हणाला, "फलाटावर एकदम ठीक आहे. वीज बंद आहे, वायरला अर्थिंग दिलंय. डिझेल येऊ द्या खुशाल."

घोषणेचे शब्दही आम्रपालीनंच सांगितले. आमच्या घोषणा देणाऱ्या बाई नेहमीचं 'थोड्या विलंबाने' सुरू करणार होत्या. "थोडा नको," ती म्हणाली. "झाड पडलंय म्हणून सांगा. तासभर उशीर होईल म्हणून सांगा. गाडी एक नंबरवरच येईल, जागा सोडू नका, हे तीनदा सांगा. खरं कळलं की लोक बसून राहतात."

आणि बसले खरंच. एक-दोन तरुण पोरं पुलाकडं निघाली होती, ती परत फिरली. एका आजोबांनी मला विचारलं, "नक्की इथंच ना, साहेब? का आयत्या वेळी पळवणार?"

"नक्की इथंच," मी म्हणालो. आतून माझी खात्री नव्हती. पण तिचा आवाज ऐकला होता, म्हणून म्हणालो.

या सगळ्यात बाकीचं स्टेशन थांबलं नव्हतं. सहांतले दोन फलाट गेलेले, उरलेल्या चारांवर ती गाड्या खेळवत होती. लोणावळ्याची लोकल तिनं विक्रमला सांगून शिवाजीनगरलाच संपवायला लावली. मिरजेची गाडी घोरपडीला थांबवली, तीन नंबर रिकामा झाल्यावर आत घेतली. मुंबईला जाणारी गाडी तिच्या ठरलेल्या फलाटावरूनच गेली. एकाही गाडीचा जाहीर झालेला फलाट तिनं बदलला नाही. गाड्यांना उशीर झाला, पण माणसं जागची हलली नाहीत.

अर्धा तास संपत आला. साहेबांचा फोन पुन्हा यायच्या बेतात असेल. मी पोलिसांना जिन्यावर उभं करून पुलाच्या तोंडाशी थांबलो होतो. मग वॉकीटॉकीवर विक्रमचा आवाज आला. तो थेट आम्रपालीशी बोलत होता, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "मॅडम, मिळालं. दौंडला निघालेलं एक डिझेल शेडच्या दारात आहे. सर्जेराव आहेत त्यावर. घ्या बोलून."

सर्जेराव म्हणजे जुने ड्रायव्हर, उरुळीकडचे. त्यांचा खर्जातला आवाज घुमला. "इंजिन हाय तयार, मॅडम. गाडीला लावतूया. ढकलत आणायची न्हवं?"

"हो, काका. अगदी चालत्या माणसाच्या वेगानं. फलाट माणसांनी भरलेला आहे."

"बैलगाडीवानी आणतो. काळजी सोडा."

पुढच्या डब्याच्या दारात गार्ड हिरवी झेंडी धरून उभा राहिला आणि ती लांबलचक रिकामी गाडी घोरपडीहून उलटी, सावकाश एक नंबरकडं सरकू लागली. इंजिन अगदी शेवटी, दिसतही नव्हतं. पॅनेलवर आम्रपालीनं रस्ता लावून दिला होता. मी आणि पोलीस फलाटाच्या कडेनं हात पसरून उभे होतो, चालत्या डब्यात कुणी उडी मारू नये म्हणून. त्याची गरज फारशी पडली नाही. जनरल डब्यांच्या समोर लोकांनी आपापल्याच रांगा धरल्या होत्या. पुढच्या बायकाच मागच्यांना दटावत होत्या, "थांबा की, आलीय ना समोर?"

गाडी थांबली. दारं भरली. कुणी पडलं नाही, कुणाची चप्पल सुटली नाही, कुणाचं पोर हरवलं नाही. वेणूबाईंना दोघींनी हात देऊन वर घेतलं. मी आम्रपालीला कळवलं, "बसल्या. खिडकीशी."

"आणि बाकीचे?"

"सगळे."

पहिल्यांदाच तिचा श्वास मला ऐकू आला.

गाडी सुटली तेव्हा खिडक्या-खिडक्यांतून 'जय भीम'चा असा गजर उठला की पत्र्याखालची कबुतरं उडाली. सर्जेरावांनी लांब शिट्टी दिली. पॅनेल रूममधून फलाट दिसत नाही, पण तो आवाज तिथंपर्यंत गेला असणार. कारण वॉकीटॉकी चालूच होती आणि तिनं ती तशीच चालू ठेवली.

संध्याकाळी साहेब स्वतः पॅनेल रूममध्ये आले. मीही तिथं होतो. त्यांनी पॅनेल पाहिलं, मग आम्रपालीकडं पाहिलं. "ओव्हाळ मॅडम, मी तुम्हाला पाचवर घ्यायला सांगितलं होतं."

"हो, सर."

"बरं झालं ऐकलं नाहीत." खुर्ची ओढून ते बसले. "आता दिवाळीचं सांगा. दिवाळीत काय करायचं?"

तिनं तिथल्या तिथं सांगायला सुरुवात केली. लांब पल्ल्याच्या गर्दीच्या गाड्यांना सणभर ठरलेलेच फलाट, एक दिवस आधी जाहीर केलेले. बिहारकडच्या दानापूरची आणि नागपूरची गर्दी एका वेळी पुलावर येणार नाही अशी मांडणी. एक डिझेल घोरपडीला कायम तयार. साहेब ऐकत राहिले आणि मध्ये मध्ये विचारत राहिले. त्या दिवाळीत आम्ही तिच्याच मांडणीनं स्टेशन चालवलं आणि गर्दीच्या एकाही गाडीचा फलाट आयत्या वेळी बदलावा लागला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिला दौंडला आणि सोलापूरला बोलावणं आलं, तिथल्या स्टेशन मास्तरांना हे समजावून द्यायला. दशरथराव सोलापूरपर्यंत सोबत गेले. दारातल्या खुर्चीत बसून त्यांनी सगळं ऐकलं. परतताना तिला म्हणाले, "आमच्या डेपोला तू आली असतीस तर बरं झालं असतं." या वेळी ते थट्टेनं नव्हतं.

पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्याआधीची. नागपूरला पोचल्यावर वेणूबाईंनी लेकीला फोन केला होता. झाल्या प्रकारातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. "काय गं, तासभर उशीर? तुमच्या रेल्वेला काही वाटतं का?"

"नाही गं, रेल्वेला काही वाटत नसतं," आम्रपाली म्हणाली. "बसायला जागा मिळाली ना?"

"मिळाली. पण उशीर तो उशीरच."

दोन-तीन दिवसांनी त्या परत आल्या. गाडी आम्रपालीच्याच पाळीत आली, एक नंबरवर. मी वेणूबाईंची पिशवी घेतली आणि चालता चालता त्यांना सगळं सांगितलं. पुलाचं, झाडाचं, साहेबांच्या फोनचं. त्या मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या, "मला ती बसते ते दाखवा."

बाहेरच्यांना पॅनेल रूममध्ये सोडत नाहीत. मी त्यांना दारापर्यंत नेलं. दाराला काच आहे. वेणूबाईंनी काचेला हात लावून आत पाहिलं. भिंतभर दिवे, आणि त्यांच्यासमोर पाठमोरी लेक, एका कानाला फोन, दुसरा हात बटणांवर. एक पिवळी रेघ पॅनेलवर सरकत पुढं येत होती. आम्रपालीला मागं कुणी आहे हे कळलं असावं, पण तिनं मान वळवली नाही.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"नको, नको," वेणूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "गाडी येतीय तिची." आणि त्या तिथंच, गुडघे दुखत असताना, बराच वेळ उभ्या राहिल्या.